कुसळ धरायच्या आधी

आपल्या वऱ्हाडात गावच्या चराईच्या जमिनीला तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत सगळे अजूनही 'ई-क्लास' म्हणतात. असे वर्ग आपल्याकडे जुनेच. १८५३ ला वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढं १८८६ च्या वन कायद्यानंतर जंगलाचे तीन वर्ग दिसतात: पहिला लाकूड-जळतणाचा, दुसरा रमणे अन् बाभूळबनांचा, तिसरा चराईचा. रमणा म्हणजे राखलेलं गवताचं रान. तरी १८९९-१९०० च्या दुष्काळात ढोरं फार मेली.

गवत राखायचे, पण कापायचे केव्हा? बहुतेक दिवाळीनंतर, पार वाळल्यावर. म्हातारे लोक काही येडे नव्हते. भादव्यात कापलं तर पावसात सडते, अन् माणसं निंदणात गुंतलेली. शिवाय घरी ज्वारीचा कडबा असायचा, गवत फक्त जोडीला. सोयाबीन आलं, ज्वारी गेली अन् कडबाही गेला. आता गवताचा कस पाहाच लागते.

कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात असताना त्यात साधारण ६-७ टक्के प्रथिनं असतात. बी झडून पिवळं पडलं की ३ च्या आसपास. तेवढ्यात ढोराच्या पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग पोटभर खाऊनही जनावर खंगते. कुसळं तोंडात टोचतात ते वेगळंच.

मीही चुकलो. एका वर्षी आषाढात ओल पाहून एकराला युरियाची ४५ किलोची एक बॅग टाकली, म्हणजे नत्र २१ किलोच्या आत-बाहेर. गवत कमरेला लागलं. वजन अजून वाढेल म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. गंजी मोठी झाली, पण गव्हाणीत नुसत्या काड्या उरायच्या अन् गाय दुधाला उतरली. नत्रानं गवत वाढते, पानात प्रथिनंही चढतात, पण उशीर केला की खोड निबर होऊन ती कमाई जाते.

दुसऱ्या वर्षी फुलोरा दिसला तसा इळा लावला. नेमकी सोयाबीनची सोंगणी आली, मजूर तिकडे. अर्धंच कापून झालं, त्यातलंही थोडं परतीच्या पावसानं काळं पडलं. जे वाळलं ते मात्र ढोरांनी काडी न ठेवता खाल्लं. यंदा धुऱ्यावरचं आधी कापतो, मोठा तुकडा उघाड पाहून.