‘व्यक्ती’ या शब्दाची व्याप्ती : हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वकिलीच्या सनदेचा इतिहास

‘वकील’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या द्वारे आला. पेशवाईच्या कागदपत्रांत तो बहुधा परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणाऱ्या मुत्सद्द्यासाठी येतो. इंग्रजी न्यायालये स्थापन झाल्यावर त्याला आजचा अर्थ चिकटला. या शब्दाचे ‘वकिलीण’ हे स्त्रीलिंगी रूप भाषेने फार पूर्वीच घडविले होते. परंतु पाटलीण किंवा कुळकर्णीण याप्रमाणेच त्याचा अर्थ वकिलाची पत्नी एवढाच होता. स्वतः अशिलाची बाजू मांडणाऱ्या स्त्रीसाठी भाषेजवळ शब्द नव्हता, कारण तशी स्त्रीच समाजाला ठाऊक नव्हती. ती प्रत्यक्षात न्यायालयाच्या दारी येऊन उभी राहिली तेव्हा वाद पेटला तो तिच्या विद्वत्तेविषयी किंवा चारित्र्याविषयी नव्हे, तर कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दाविषयी व त्या शब्दामागून येणाऱ्या एका पुल्लिंगी सर्वनामाविषयी. कायद्याच्या इतिहासकारांनी या प्रकरणाची दखल घेतली आहे; पण त्यातील भाषिक अंगाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही.

बंगालमध्ये १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनने वकिलांच्या धंद्याला प्रथम नियमबद्ध स्वरूप आले. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १८४६ चा पहिला कायदा. कंपनीच्या न्यायालयांतील वकिली कोणत्याही राष्ट्राच्या व कोणत्याही धर्माच्या सर्व व्यक्तींना खुली राहील, असे या कायद्याने जाहीर केले. शब्दयोजना मोठी उदार आहे. तथापि त्याच कलमात पुढे, प्रमाणपत्र मिळविल्याशिवाय अशा व्यक्तीस प्रवेश मिळणार नाही हे सांगताना, इंग्रजी मसुद्यात ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम आले आहे. मसुदा लिहिणाऱ्याने ते हेतुतः घातले असेल असे मानण्यास आधार नाही. इंग्रजीत सामान्य व्यक्तीचा निर्देश पुल्लिंगाने करण्याची रूढीच होती. पुढे १८६८ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने, व नंतर १८९७ च्या त्याच नावाच्या कायद्याच्या तेराव्या कलमाने, स्पष्टच सांगितले की विषय किंवा संदर्भ यांच्याशी विसंगत नसेल तर पुल्लिंगवाचक शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टने कनिष्ठ न्यायालयांतील वकिलांसाठी ‘योग्य व्यक्तीं’ची पात्रता ठरविण्याचे अधिकार उच्च न्यायालयांना दिले. शब्दांपुरते पाहिले तर दार उघडे होते.

ते दार प्रथम ठोठावले नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. मातोश्री फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालविले. आईकडे दाद मागावयास आलेल्या एका गुजराती विधवेची तिच्या कारभाऱ्याने मिळकतीच्या बाबतीत कशी फसवणूक केली होती, ही बालपणी ऐकलेली हकीकत आपल्याला कायद्याकडे घेऊन गेली, असे त्यांनी १९३४ च्या आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवीपरीक्षेत पहिल्या वर्गात आल्या. त्या यशाबरोबर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, ती स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या व १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली, पदवी मात्र मिळाली नाही; ती हाती पडण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

मायदेशी परतल्यावरचा त्यांचा अनुभव याहून बोधप्रद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘वकील’ या अर्थाच्या संज्ञेखाली न्यायालयाच्या परवानगीने नेमलेल्या अन्य कोणत्याही व्यक्तीचा समावेश केलेला होता. या तरतुदीमुळेच १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या वतीने उभे राहणे सोराबजींना शक्य झाले. म्हणजे फौजदारी कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसली. सनदेच्या कायद्यातील त्याच शब्दात ती बसेना. १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. परीक्षा दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. सनद कोठेच मिळाली नाही. शेवटी सरकारने १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक केली. जनानखान्यात पुरुष वकिलाला प्रवेश नव्हता आणि न्यायालयात स्त्री वकिलाला. या दोन बंद दारांच्या मधल्या जागेत त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले व सहाशेंहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुले यांच्या हक्कांची तरफदारी केली. राजकारणात त्या राष्ट्रीय चळवळीच्या विरोधात राहिल्या, आणि कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या १९२७ च्या ग्रंथाची बाजू घेतल्यामुळे देशबांधवांच्या मनातून उतरल्या. त्यांचे चरित्र महाराष्ट्रात पुष्कळ काळ उपेक्षित राहिले त्याचे हे एक कारण असावे. पण त्यामुळे सनदेच्या प्रश्नातील त्यांचे स्थान कमी होत नाही.

शब्दार्थाचा खरा कस लागला तो १९१६ मध्ये कलकत्ता येथे. रेजिना गुहा या कलकत्ता विद्यापीठाच्या एम.ए. व बी.एल. झालेल्या तरुणीने अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकील म्हणून नोंद व्हावी यासाठी अर्ज केला. अर्ज उच्च न्यायालयाकडे गेला आणि मुख्य न्यायाधीश सर लॅन्सलॉट सँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायाधीशांच्या पूर्ण पीठापुढे त्याची सुनावणी झाली. सर आशुतोष मुखर्जी हे त्या पीठावर होते. अर्जदाराच्या शैक्षणिक पात्रतेबद्दल वाद नव्हता. वाद एवढाच की, १८७९ च्या कायद्यातील ‘व्यक्ती’ म्हणजे कोण? अर्जदाराची भिस्त जनरल क्लॉजेस ॲक्टवर होती : पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत आहे, तेव्हा सर्वनामावरून तिला वगळता येत नाही. न्यायालयाने त्या नियमातील अपवादावर बोट ठेवले. विषय व संदर्भ विसंगत असेल तेथे तो नियम लागू होत नाही. आणि १७९३ पासूनच्या सर्व रेग्युलेशनांत व कायद्यांत स्त्रिया वकिली करतील ही कल्पनाच कायदे करणाऱ्यांच्या मनात नव्हती, सबब संदर्भ विसंगत आहे. इंग्लंडमधील बेब विरुद्ध लॉ सोसायटी या १९१३ च्या खटल्याचा दाखला हाताशी होताच. तेथेही १८४३ च्या सॉलिसिटर्स ॲक्टमध्ये पुल्लिंगात स्त्रीलिंग धरण्याचे कलम होते. तरी स्त्रिया पूर्वी कधीच त्या धंद्यात नव्हत्या, या दीर्घ वहिवाटीच्या बळावर अपील न्यायालयाने त्यांना बाहेर ठेवले होते. स्कॉटलंडमधील १९०१ चा व अमेरिकेतील ब्रॅडवेल यांचा १८७३ चा निकाल याच दिशेचे होते. रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला गेला.

या निर्णयाकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील एक गोष्ट विशेष लक्षात येते. शब्दाचा वाच्यार्थ आणि त्या शब्दाच्या वापराच्या वेळी बोलणाऱ्याच्या मनात असलेली उदाहरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८७९ मध्ये ‘व्यक्ती’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केवळ पुरुष असतील. पण म्हणून त्या शब्दाचा अर्थ ‘पुरुष’ असा होत नाही. न्यायालयाने उदाहरणांनाच अर्थ मानले. शिवाय ‘संदर्भ’ हा शब्दही त्याने व्यापक केला : वाक्याचा किंवा कलमाचा संदर्भ न पाहता सव्वाशे वर्षांच्या रूढीला संदर्भ ठरविले. एकदा हे मान्य केले की लिंगविषयक कलमाचा उपयोगच उरत नाही. कारण जेथे स्त्रिया आधीच आहेत तेथे त्याची गरज नाही, आणि जेथे त्या नाहीत तेथे रूढी विसंगत म्हणून ते लागू नाही. मराठीच्या जाणकाराला येथे सहजच एक विचार सुचतो. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. सनदेचा कायदा मराठीत लिहिला गेला असता तर ‘ज्या व्यक्तीस सनद हवी असेल तिने’ असेच लिहावे लागले असते, आणि त्या ‘तिने’वरून एकाही पुरुषाची सनद कोणी अडविली नसती! व्याकरणाच्या लिंगाला अर्थ द्यावयाचा की नाही, हे व्याकरण ठरवीत नाही.

न्यायाधीशांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, बदल करावयाचा तर तो विधिमंडळाने करावा ही भूमिका त्या काळच्या न्यायपद्धतीत अपवादात्मक नव्हती. इंग्लंडात तसेच घडले. तेथे १९१९ च्या अखेरीस पार्लमेंटने लिंगभेदावर आधारलेली अपात्रता दूर करणारा कायदा केला. त्याचा परिणाम येथे विचित्र झाला. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाटणा उच्च न्यायालयापुढे सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज आला. उत्कलचे पुढारी मधुसूदन दास यांच्या आश्रयाने त्या वाढल्या होत्या. पाटण्याने कलकत्त्याच्या निर्णयाचा आधार घेऊन त्यांना नकार दिला. गंगेच्या काठच्या दोन शहरांत, एकाच सरकारच्या अमलाखाली, एकाच वर्षी स्त्री ही ‘व्यक्ती’ होती आणि नव्हतीही.

ही विसंगती दूर करण्याचा प्रश्न मध्यवर्ती विधिमंडळात १९२२ च्या फेब्रुवारीत ठरावाच्या रूपाने मांडला तो नागपूरचे प्रसिद्ध कायदेपंडित डॉ. हरिसिंग गौर यांनी. पुढील वर्षी १९२३ चा तेविसावा कायदा, लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट, संमत झाला. कायदा अगदी लहान आहे. अन्य कोणत्याही कायद्यात, उच्च न्यायालयांच्या सनदापत्रांत अथवा नियमांत काहीही असले तरी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणतीही स्त्री वकील म्हणून नोंद होण्यास वा वकिली करण्यास अपात्र ठरणार नाही, हा त्याचा गाभा. येथे ‘व्यक्ती’ शब्दाच्या अर्थाची चर्चा पुन्हा उघडण्याचे विधिमंडळाने शहाणपणाने टाळले. ‘स्त्री’ हाच शब्द घातला. आणखी सहा वर्षांनी, १९२९ मध्ये, कॅनडातील स्त्रियांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रिया येतात असा निर्णय दिला. म्हणजे अर्जदाराने कलकत्त्यात केलेला अर्थच अखेर साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने ग्राह्य मानला. रेजिना गुहा १९१९ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांना यातील काहीच पाहावयास मिळाले नाही.

कायद्याने सनद मिळाली, अशील मिळाले असे नव्हे. मुंबईत याचा पहिला अनुभव मिठन टाटा, म्हणजे पुढील मिठन लाम, यांना आला. १९१९ मध्ये मातोश्री हीराबाई यांच्यासमवेत स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडण्यासाठी त्या लंडनला गेल्या, तेथेच शिकल्या, १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री बॅरिस्टर ठरल्या. त्यांच्या एका आरंभीच्या अशिलाने आपली निवड का केली हे त्यांनी नमूद केले आहे : खटला इतका भक्कम होता की तो हरण्याची भीती नव्हती, पण प्रतिपक्षाला एका स्त्रीकडून हरल्याची नामुष्की पत्करावयास लावावी अशी अशिलाची इच्छा होती. सनदेच्या कायद्याने न बदललेले असे पुष्कळ काही या एका गोष्टीत दिसते. कॉर्नेलिया सोराबजी यांनीही १९२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात नाव नोंदविले, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते; पाच वर्षांत त्या निवृत्त झाल्या.

न्यायपीठापर्यंतचा प्रवास याहूनही संथ झाला. त्रावणकोरात ॲना चांडी १९३७ मध्ये मुन्सफ झाल्या व १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आली. आणि १९५० मध्ये स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवी यांची नेमणूक होण्यास १९८९ साल यावे लागले. या काळात शब्दाची अडचण नव्हती, संविधानाने ती निकालात काढली होती.

१९२३ चा तो लहानसा कायदा १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने रद्द केला. त्या नव्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात कोणती व्यक्ती वकील होण्यास पात्र आहे हे सांगताना इंग्रजी मसुद्यात पुन्हा ‘ही’ हेच सर्वनाम आले आहे. दरवर्षी विद्यापीठांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुली त्याच सर्वनामाखाली सनद घेतात. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र या सर्वनामाची व्याख्या पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी अशा कोणत्याही व्यक्तीला ते लागू आहे अशी केलेली आहे. रेजिना गुहा यांच्या वतीने जे अनुमानाने सिद्ध करावे लागत होते ते तेथे व्याख्येतच लिहिलेले आढळते. इकडे मराठीत ‘वकिलीणबाई’ या शब्दाचा ‘वकिलाची पत्नी’ हा अर्थ हळूहळू मागे पडला. तालुक्याच्या गावी आज तो शब्द ऐकू आला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा काळा कोट येतो.