सामाजिक ऐक्याच्या चळवळी, कोलाबा जिल्ह्यातील

निरनिराळ्या प्रकारचा भेदभाव सोसणाऱ्या समाजांनी समान हितासाठी एकत्र येऊन कोलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या चळवळी. महाडचा पाण्याचा लढा, खोतीविरोधी आंदोलन आणि कर्जत भागातील धान्यकोठ्यांचे कार्य हे त्यांचे तीन प्रमुख टप्पे होत.

पार्श्वभूमी : जिल्ह्यातील कष्टकऱ्यांवरील अन्याय एकाच स्वरूपाचा नव्हता. महारांना अस्पृश्यता व वतनाच्या निमित्ताने लादलेली वेठ सोसावी लागे. कुणबी व आगरी कुळे खोत आणि सावकार यांच्या खंडाखाली व कर्जाखाली दबलेली होती. कर्जत व खालापूर तालुक्यांच्या डोंगराळ भागात, म्हणजे माथेरान, चौक, लोधिवली यांच्या परिसरात, ठाकूर व कातकरी राहतात. खैरापासून काथ काढणे हा कातकऱ्यांचा मूळ व्यवसाय. जंगले राखीव झाल्यावर तो मोडला आणि त्यांना मजुरी व कोळशाच्या भट्ट्या यांवर गुजराण करावी लागली. शिवाय हे समाज परस्परांपासूनही दुरावलेले होते. खोताच्या दारी अपमान सोसणारे कूळ स्वतःच्या गावात महारांना पाणवठ्यापासून दूर ठेवीत असे. त्यामुळे ऐक्य आपोआप घडण्यासारखे नव्हते.

महाडचा लढा : सार्वजनिक पाणवठे, शाळा इ. अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात भंडारी समाजातील नेते सीताराम केशव बोले यांनी मांडला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू कार्यकर्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी तळ्याचे पाणी प्याल्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आश्रय मिळाला. डिसेंबरमधील परिषदेस जागा मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मण नसावेत, अशी अट घातली. आंबेडकरांनी ती नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, अशी त्यांची भूमिका होती. मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला. साथीदाराची पारख जन्मावरून न करता कृतीवरून करावयाची, हा दंडक येथे घालून दिला गेला. तळ्यासंबंधीचा न्यायालयीन निकाल १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

खोतीविरोधी आंदोलन : अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या २५ गावांतील कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते. सुमारे सहा वर्षे चाललेल्या या संपात बहुसंख्य आगरी कुटुंबांनी लाकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथील शेतकरी परिषदेस आंबेडकर उपस्थित राहिले. त्यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने अस्पृश्यता व शेतमजुरी हे दोन्ही प्रश्न एका कार्यक्रमात आणले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये त्याच्या समर्थनार्थ कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यात महार आणि कुणबी खांद्याला खांदा लावून चालले. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक यांचाही सहभाग होता. विधेयक मंजूर झाले नाही, तथापि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

कर्जतमधील कार्य : माथेरान येथे जन्मलेले व नाभिक समाजातून आलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–४३) यांनी शेतकरी व आदिवासी यांच्यासाठी धान्यकोठ्या उघडल्या. पावसाळ्यात घरातले धान्य संपले, की सावकाराकडून ते चढ्या वाढीने घ्यावे लागे. कोठीमुळे ही अडवणूक टळण्याची सोय झाली. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहक मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते व मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मे झाले.

मूल्यमापन : पाणी, खंड व धान्य अशा प्रत्यक्ष गरजेवर ऐक्य उभे राहिले, तेथे ते टिकले, केवळ सहानुभूती त्यास पुरली नसती. मात्र फळ सर्वांना सारखे मिळाले नाही. १९४८ च्या कुळकायद्याचा व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचा लाभ कूळ म्हणून नोंद असलेल्यांना झाला. महारांची वतनी वेठ संपविण्यास १९५८ चा कायदा व्हावा लागला. ज्याच्या नावे जमिनीचा तुकडाही नव्हता, त्या कातकऱ्याच्या हाती कुळकायद्याने काहीच आले नाही. वन हक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ मध्ये झाला. संयुक्त लढ्यात सर्वांत दुबळ्या घटकाची मागणी आरंभीच नोंदली गेली नाही, तर विजयानंतरही ती मागे राहते, असे या इतिहासावरून दिसते.