बारा फ्लाय आणि उजनीचं पाणी

मासेमारीच्या छंदात नव्याने पडलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "सुरुवातीला डब्यात कुठल्या फ्लाय ठेवू?" इंटरनेटवर शोधलं की तयार याद्या मिळतात. पण त्या बहुतेक सगळ्या ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशासाठी असतात, आणि आपण उभे असतो भिगवणला किंवा पळसदेवच्या काठावर. म्हणून आज डबा भरायचाच, पण इतिहासाच्या वाटेने. आपल्या पाण्यात आज कुठला मासा आहे आणि तो तिथे कसा आला, हे कळलं की यादी आपोआप सुचते.

आधी थोडक्यात, फ्लाय म्हणजे काय? हुकावर दोरा, पिसं, लोकर किंवा केस गुंडाळून केलेलं खोटं भक्ष्य. नाव माशीचं असलं तरी ती कधी किडा असते, कधी झिंगा, कधी छोटा मासा, तर कधी बेडूक. नेहमीच्या गळाला शिसं लावतात आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी मागे-पुढे झुलवून ती दोरी फेकायची, फ्लाय तिच्यामागून जाते.

ही युक्ती जुनी आहे. साधारण इ.स. २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. ते हुकाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याची दोन पिसं बांधायचे. पुढे १४९६ मध्ये इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा ग्रंथ छापला गेला. त्यात बारा फ्लायची यादी आहे आणि ती मार्च ते ऑगस्ट अशी महिन्यांप्रमाणे लावलेली आहे. कुठल्या महिन्यात नदीवर कुठला किडा उडतो, त्यावरून ती ठरली. म्हणजे जगातला पहिला छापील 'स्टार्टर बॉक्स' हा खरं तर इंग्लिश नदीचं कॅलेंडर होता.

त्या यादीतल्या काही फ्लायना मोराच्या पिसाचे तंतू गुंडाळायला सांगितलेत. मोर मूळचा आपल्याकडचा. बारामती तालुक्यातलं मोरगाव आपल्याला अष्टविनायकांमुळे ठाऊक आहे, पण त्याच पक्ष्याचं पीस तेव्हा इंग्लंडमधल्या गळांवर होतं! दुसरं पीस तर थेट सह्याद्रीतलं. राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखा चकचकीत पिवळट ठिपका असतो. एकोणिसाव्या शतकात सॅमन माशासाठी ज्या झगमगीत फ्लाय बांधल्या जायच्या, त्यांच्या बाजूला हे पीस डोळ्यासारखं लावायचे. त्यासाठी भारतातून या कोंबड्यांच्या मानांची कातडी निर्यात होत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानकोंबडा मारणं आणि त्याची पिसं विकणं गुन्हा आहे. तेव्हा कुणी 'ओरिजिनल जंगल कॉक' देतो म्हणालं तर घ्यायचं नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आपल्याला पुरेशी आहेत.

म्हणजे बघा, पिसं आपल्याकडून गेली, पण तो डबा आपल्या नद्यांसाठी बनलाच नाही. मग इथल्या माशांची नोंद कुणी केली? त्यासाठी विल्यम हेन्री साइक्स या माणसाकडे जावं लागतं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम मिळालं. लोकसंख्या, शेती, पक्षी, मासे, सगळ्याच्या नोंदी त्याने केल्या. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे नावं. नवीन माशांना नावं देताना त्याने अनेकदा इथल्या लोकांची मराठी नावंच उचलली. खुद्री, कोलस, नुक्ता, शिंगाळा, आळकुटी ही नावं लॅटिन शेपटासकट जगाच्या शास्त्रात गेली. ज्या भोई-कोळ्यांनी ती सांगितली त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत, त्यांचे शब्द तेवढे उरले. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय नाव आजही 'टोर खुद्री' आहे आणि साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. पेडगावजवळच्या भीमेतले मासेही त्याच्या नोंदींत आहेत. तीच भीमा पुढे आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने जाते.

इंग्रज शिकाऱ्यांना महाशीरचं वेड होतं. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक काढलं. पण वाहत्या नदीची विद्या साठलेल्या पाण्याला पुरत नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण १८८७ मध्ये त्याने भारतातल्या तळ्यांतल्या मासेमारीवर वेगळं पुस्तक लिहिलं. आपल्या कामाचा मुद्दा नेमका हाच आहे. आपली भीमा आता तळं झाली आहे.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. गावं उठली, जमिनी गेल्या, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. वाहत्या, खडकाळ पाण्यात रमणाऱ्या माशांची जागा संथ पाण्यातल्या माशांनी घेतली. त्यातले कितीतरी बाहेरून आणलेले. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ ला ओडिशात शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून बीज हवं तेवढं तयार होऊ लागलं आणि देशभरातल्या धरणांत सुटलं. चिलापी, म्हणजे तिलापिया, ही आफ्रिकेची. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. आज भिगवणच्या हॉटेलात 'आपली उजनीची चिलापी' म्हणून जी ताटात येते, ती साइक्सच्या यादीत असणं शक्यच नव्हतं.

आणि खुद्रीचं काय झालं? १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या कामाचा पाया घातला. तिथली पिल्लं देशभर सोडली गेली, त्यात कावेरीही आली. कावेरीत मात्र त्यांनी तिथल्या मूळच्या मोठ्या महाशीरची जागा व्यापायला सुरुवात केली आणि तो मासा आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. म्हणजे आपल्या पाण्यात चिलापी जशी पाहुणी, तशी तिकडे आपली खुद्री पाहुणी. चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा दुसऱ्या नदीचा इतिहास बदलतो. म्हणून हौशी मंडळींना एक कळकळीची विनंती. एका पाण्यातला मासा उचलून दुसऱ्या पाण्यात कधीच सोडू नका, घरच्या टाकीतला तर नाहीच.

आता डबा उघडू. १४९६ च्या मानाने आपल्याही बाराच घेऊ. एक लक्षात ठेवा, हुकाचा नंबर जितका मोठा, तितका हुक लहान.

पहिल्या तीन, फेझंट टेल निम्फ, नंबर १२ ते १४, मण्याचं डोकं असलेल्या. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या फ्रँक सॉयर नावाच्या नदीरक्षकाने ही बनवली. पाण्याखालच्या किड्याची नक्कल आहे. चिलापीसाठी हीच. हळूहळू, थांबत-थांबत ओढा.

पुढच्या तीन, वूली बगर, नंबर ८, काळी आणि शेवाळी. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंगने बांधली. झिंगा म्हणा, जळू म्हणा, माशाला जे वाटेल ते. एकच फ्लाय घ्यायची असेल तर ही घ्या.

दोन क्लाउझर मिनो, नंबर ४ ते ६, पांढऱ्या-हिरव्या. १९८० च्या दशकातली, बॉब क्लाउझरची. डोळ्यांच्या जागी वजन असल्यामुळे ती डोकं खाली घालून बुडते आणि ओढली की उसळते, अगदी घाबरलेल्या आळकुटीसारखी. शिंगाळ्यासारख्या शिकारी माशांसाठी.

दोन तरंगते बेडूक, फोमचे, गवतात न अडकणारे. हे मरळसाठी. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे उथळ, गवताळ कडेला ती कुठे आहे ते कळतं. बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांपाशी दोरी जरा जाड ठेवा.

शेवटच्या दोन, ग्रिफिथ्स नॅट, नंबर १६. संध्याकाळी पाण्यावर चिलटांचे थवे उतरतात, त्यांची ही नक्कल. वरच्या थरातल्या छोट्या चंदेरी माशांसाठी. हिच्या अंगाला मोरपिसाचे तंतू गुंडाळलेले असतात, म्हणजे मोरगावचा पाहुणा शेवटी घरी आला म्हणायचं. स्वतः बांधणार असाल तर आपोआप गळून पडलेलं पीस वापरा, उपटलेलं नाही.

झाल्या बारा. कटला-रोहू फ्लायला क्वचितच येतात आणि महाशीरच्या आशेवर उजनीसाठी डबा भरू नका.

राहिलं कॅलेंडर. इंग्लंडचा डबा महिन्यांवर चालायचा, आपला चालतो टक्केवारीवर. इंदापूरकरांना हे सांगायला नको, 'उजनी वजा झाली' हे वाक्य उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर असतंच. शून्य टक्के म्हटलं तरी खाली ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असतो. पाणी उतरलं की काठ शेकडो फूट मागे सरतो, गाळ उघडा पडतो, पळसनाथाचं देऊळ वर येतं. तेव्हा वूली बगर आणि क्लाउझर काढा, आणि गाळात एकटं उतरू नका. पावसाळ्यानंतर धरण भरलं की पाणी शेतांच्या कडेपर्यंत येतं, तेव्हा बेडूक आणि निम्फ. बारामतीच्या बाजूला नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुरू असताना काठावर जाऊ नका, प्रवाहाला ओढ फार असते.

आणखी तीन गोष्टी, डब्याइतक्याच महत्त्वाच्या. एक, हुकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे सोडायचा मासा कमी जखमी होतो. दोन, पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून याच पाण्यात येतं, त्यामुळे पाण्यात उतरलात तर हातपाय धुतल्याशिवाय डबा खाऊ नका, म्हणजे जेवणाचा डबा! तीन, परवानगी. या पाण्यावर मच्छीमार कुटुंबांचं पोट आहे. आपला रविवार म्हणजे त्यांचा कामाचा दिवस. जाळी लावलेली असतील तिथे दोरी टाकू नका आणि आधी विचारा, "दादा, इथं बसलं तर चालेल का?" त्या दादांना पाण्याची जी माहिती असते, ती कुठल्याच यादीत नसते. साइक्सनेसुद्धा माशांची नावं त्यांच्या पूर्वजांनाच विचारली होती. फरक इतकाच की आपण सांगणाऱ्याचं नावही विचारून ठेवावं.

तुमच्या गावात छोट्या माशांना काय म्हणतात ते आम्हाला जरूर कळवा. शक्य झालं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून. नदीचे मासे बदलले, आता निदान शब्द तरी हरवायला नकोत. भेटू पुढच्या भागात.