तळटीप : ‘आम्ही वेन्सडेचे’

* ‘वेन्सडे’ म्हणजे शेफील्ड वेन्सडे हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. नाव मात्र वारावरूनच पडले. बुधवारी खेळणारा एक क्रिकेट क्लब शेफील्डमध्ये १८२०पासून होता. हिवाळ्यात सभासद पांगू नयेत म्हणून त्याने १८६७ साली फुटबॉल सुरू केला. १९२९पर्यंत अधिकृत नावात ‘शेफील्ड’ नव्हतेच, त्यामुळे जुन्या समर्थकांना आजही नुसते ‘वेन्सडे’ पुरते. गावातला दुसरा क्लब युनायटेड, स्थापना १८८९. वेन्सडेचे पट्टे निळे-पांढरे, युनायटेडचे लाल-पांढरे. पुढच्या पानावर जावयाचा मफलर पाहताच सासरेबुवा चहाचा कप खाली ठेवतात, ते त्यामुळेच. ‘आम्ही बुधवारवाले’ असे भाषांतर करून पाहिले. म्हातारा थेट पुण्याच्या पेठेतला वाटू लागला. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे. — संपा.