डिस्क ओळख देत नाही तेव्हा...

"अरे, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली तर लॅपटॉप ओळखतच नाहीये. काल रात्रीपर्यंत मस्त चालू होती!"

हापिसात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' अशी ख्याती झाली की हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळा ऐकावं लागतं. मग ती काळी डबी आपल्या टेबलावर येते. तिच्यात कुणाच्या मुलीचं बारसं असतं, तर कुणाच्या वडिलांचे शेवटचे फोटो. समोरच्याचा प्रश्न एकच असतो, 'गेलं का सगळं?'

या वाक्यातला 'ओळखणे' हा शब्द मला फार आवडतो. कारण हार्ड डिस्कच्या इतिहासातली पहिली तीसेक वर्षं हा शब्दच नव्हता. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, जवळजवळ टनभर वजन आणि साठवण किती, तर पन्नास लाख अक्षरं. ती बिघडली तर समोर उभं राहून बघता यायची! १९७३ मध्ये आयबीएमनेच तबकड्या आणि त्यांच्यावर तरंगणारे वाचक (हेड हो) एकाच बंद डब्यात घातले आणि तेव्हापासून आत काय चाललंय ते दिसेनासं झालं. तरीही डिस्क मठ्ठच होती. १९८० साली आलेली पीसीत बसेल एवढी पाच एमबीची डिस्क म्हणजे मोटर, वाचक आणि थोडी वायरिंग. सगळं डोकं पीसीत खोचलेल्या वेगळ्या कार्डात. इतकी सिलिंडर, इतके हेड, इतके सेक्टर, असं आपणच सेटअपमध्ये भरायचं. पीसी डिस्कला काही विचारायचाच नाही. सांगितलेलं मुकाट मान्य करायचा.

१९८६च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांनी ते डोकं उचलून डिस्कच्याच पाठीवर बसवलं. आयडीई म्हणतात ते हेच. तिथून डिस्क हा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःचा प्रोग्राम असलेला एक छोटा संगणक झाला. आता पीसी सुरू होताना विचारतो, 'बाई गं, तू कोण?' आणि डिस्क ५१२ बाइट्सचं उत्तर देते. त्यात नाव, मॉडेल, सिरियल नंबर, क्षमता, सगळं. हे उत्तर आलं नाही, की 'ओळखत नाही'.

एक्स्टर्नल डिस्कमध्ये यात आणखी एक मध्यस्थ घुसला. यूएसबीची भाषा डिस्कच्या भाषेत करणारी दुभाषी चिप. म्हणजे केबल, दुभाषी, पाठीवरचा बोर्ड, त्यातला प्रोग्राम, वाचक आणि सगळ्यात शेवटी तबकडी. यातलं कुणीही तोंड मिटलं तरी आपल्याला दिसतं एकच, काहीही नाही. आणि आपला डेटा फक्त शेवटच्या पायरीवर असतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, डिस्क ओळख देत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नाही. आणि ती ओळख देते म्हणजे तो शाबूत आहे, असंही नाही!

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटत असेल तर २००९चा जानेवारी आठवा. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ या डिस्क तेव्हा जगभर धडाधड मरत होत्या. लक्षण चमत्कारिक होतं. रात्री चांगली चालणारी डिस्क बंद करावी आणि सकाळी पीसीने तिला ओळखूच नये. खडखड नाही, जळका वास नाही, मोटर नीट फिरतेय. पण 'तू कोण?'ला उत्तर नाही. पीसीच्या भाषेत ती कायम 'मी कामात आहे' असं म्हणत बसलेली.

कारण सीगेटने नंतर स्वतःच सांगितलं आणि ते वाचून कुठल्याही प्रोग्रामरच्या पोटात गोळा येईल. डिस्क आपल्यापुरती घडामोडींची एक वही ठेवते. वही भरली की परत पहिल्या पानापासून लिहायचं, असा साधा हिशेब. पण पॉवर देताना वहीतला आकडा नेमका ३२० वर असला (किंवा त्यापुढे दर २५६ नोंदींनी), आणि कारखान्यात चाचणीच्या वेळी त्या डिस्कवर एक विशिष्ट नमुना लिहिला गेलेला असला, तर प्रोग्राम वहीच्या शेवटच्या पानाच्याही पुढे जायचा. 'असर्ट' लागायचा आणि डिस्क सुरक्षिततेसाठी थिजून जायची. थिजली म्हणजे आकडा पुढे सरकणार नाही. म्हणजे पुन्हा पॉवर दिली की पुन्हा ३२०, पुन्हा असर्ट. घराला आतून कडी आणि घरात कुणीच नाही!

असर्ट घालणं ही चांगली सवय आहे, आम्हाला पहिल्याच नोकरीत ती शिकवतात. पण पडल्यावर उठायचं कसं, ते कुणीतरी लिहायला हवं होतं ना?

तबकडीवरचा एक बिटही इकडचा तिकडे झालेला नव्हता. लोकांचे फोटो, प्रबंध, हिशेब सगळं जसंच्या तसं. फक्त एक आकडा अडकलेला. आणि डेटा रिकव्हरीवाले यासाठी शेकडो डॉलर सांगत होते.

मग काही हौशी लोकांनी जे केलं ते मला त्या दशकातलं फार सुंदर काम वाटतं. डिस्कच्या मागे सेटिंगच्या पिनांशेजारी दोन पिना कारखान्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यांवरून डिस्कशी थेट बोलता येतं, अगदी जुन्या मोडेमसारखं, ३८४०० च्या वेगाने. पीसीचं सिरियल पोर्ट सरळ जोडलं तर त्याच्या व्होल्टेजने बोर्ड जळेल. पण नोकियाच्या सीए-४२ डेटा केबलमध्ये नेमकी हवी ती चिप होती! आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची तीच. तिचं फोनकडचं टोक कापायचं, वायरी पिनांना लावायच्या. बोर्डाचे स्क्रू सैल करून बोर्ड आणि मोटरचे संपर्क यांच्यामध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे डिस्कला तबकडी सापडत नाही, ती ती वही उघडत नाही आणि थिजतही नाही. मग कंट्रोल-झेड दाबलं की पडद्यावर डिस्कचा स्वतःचा प्रॉम्प्ट येतो. मोटर थांबवायची आज्ञा, पॉवर चालू असतानाच कागद काढून स्क्रू आवळायचे, मोटर फिरवायची आज्ञा, नोंदी पुसायची आज्ञा. बंद करून परत लावली की पीसी म्हणतो, आलीस का!

सीगेटने त्याच महिन्यात नवा फर्मवेअर दिला. त्याच्या पहिल्या आवृत्तीने ५०० जीबीच्या काही धडधाकट डिस्क बंद पाडल्या, मग तो मागे घेऊन दुसरा दिला. अडकलेल्यांना फुकट डेटा काढून देण्याचीही तयारी दाखवली, हेही नमूद करायला हवं. पण माझा राग वेगळा आहे. त्या दोन पिनांची भाषा कंपनीने कधीच लोकांना सांगितली नाही. वस्तू माझी, डेटा माझा आणि दाराची कडी मात्र तुमच्या गुपितात. आज परिस्थिती जास्त अवघड आहे. काही एक्स्टर्नल डिस्कमधली दुभाषी चिप सगळा डेटा परस्पर एन्क्रिप्ट करते, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. डिस्क डब्यातून काढून सरळ पीसीला जोडली, तर तबकडी ठणठणीत आणि हाती निव्वळ कचरा. बोर्ड बदलून बघू, तर प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्याच बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते, ती उतरवून घेतल्याशिवाय नवा बोर्ड बहुतेक वेळा कामाचा नाही. (आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्या मित्राला कृपया चहा पाजून घरी पाठवा. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, आणि वाचक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो.)

आता याच्या अगदी उलट गोष्ट. तिथे डोकं, शरीर, सगळं गेलं होतं.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना, सुमारे साठ किलोमीटर उंचीवर, ताशी वीसेक हजार किलोमीटर वेगात ते टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या रात्रीच्या बातम्या माझ्या पिढीत कुणी विसरलं असेल असं वाटत नाही.

पुढे कित्येक आठवडे हजारो माणसं टेक्सासची रानं हातभर अंतराने तुडवत होती. यानाचे ८० हजारांहून जास्त तुकडे मिळाले, वजनाने जेमतेम ३८ टक्के. १९ मार्चला हेम्फिल गावाजवळ एक डबा सापडला. कोलंबिया हे ताफ्यातलं पहिलं यान, म्हणून चाचणीसाठी त्याच्यावर शेकडो सेन्सर आणि एक टेप रेकॉर्डर बसवलेला होता. दुसऱ्या यानांवर असा रेकॉर्डर नव्हता. टेप स्वच्छ करून वाचली आणि त्यातून कळलं, की ह्यूस्टनच्या पडद्यावर पहिली खूण उमटण्याआधी तीन मिनिटांहून जास्त वेळ डाव्या पंखाच्या पुढच्या कडेत काहीतरी बिनसलेलं होतं. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळला होता तीच जागा. चौकशीला भक्कम पुरावा मिळाला तो असा.

आणि त्याच ढिगाऱ्यात, सहाएक महिन्यांनी, एका आटलेल्या तळ्यात एक हार्ड डिस्क मिळाली. काहीशे एमबीची, त्या काळातही जुनाट. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची. अशा तीन डिस्कपैकी दोनमधून काहीही निघालं नाही. तिसरी मिनेसोटातल्या ऑनट्रॅक कंपनीकडे गेली. बोर्ड जळून गेलेला, डब्याची सील वितळलेली, आत धूळ. तिला 'तू कोण?' विचारण्यातही अर्थ नव्हता. पण तबकड्या वाकलेल्या नव्हत्या. त्यांनी त्या रसायनाने धुतल्या, नव्या डिस्कच्या शरीरात बसवल्या आणि दोन दिवसांत सुमारे ९९ टक्के डेटा बाहेर काढला.

यात तंत्र होतंच, पण नशीबही होतं आणि ते नशीब डॉसचं होतं! डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती. डॉस बिचारं सरळमार्गी, एका पाठोपाठ एक लिहीत जाणारं. चरे पडले ते अजून काही लिहिलंच नव्हतं त्या भागात. फायली तबकडीभर विखुरणारी एखादी हुशार सिस्टिम असती तर हा हिशेब बिघडला असता.

प्रयोग असा होता. १६.६ अंश सेल्सिअस आणि हवेच्या ५८ पट दाब, या एका बिंदूपाशी झेनॉनचा वायू आणि द्रव यांतला फरकच मिटतो. तिथे त्यात निकेलची एक बारीक जाळी हलवायची आणि चिकटपणा मोजायचा. टोमॅटो सॉस हलवला की पातळ होतो, तसं इतका साधा पदार्थही करतो का? पृथ्वीवर हे मोजता येत नाही, कारण त्या बिंदूपाशी झेनॉन स्वतःच्याच वजनाने खाली दाबला जातो. म्हणून अवकाश. थोडी मोजमापं उड्डाणात रेडिओने खाली आली होती, बाकी सगळी त्या डिस्कवर.

अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या रॉबर्ट बर्ग आणि सहकाऱ्यांनी त्या आकड्यांवर पुढची काही वर्षं काम केलं. एप्रिल २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये त्यांचा पेपर आला. झेनॉन हलवल्यावर पातळ होतं.