धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

प्रवचन म्हटले की एक ठरलेला देखावा डोळ्यांपुढे येतो. देऊळ, उंच आसन, समोर पोथी, शेवटी आरती आणि दक्षिणा. कोणी पुढे बसावे आणि कोणी पायरीखाली उभे राहावे, हेही एके काळी ठरलेलेच असे. हा विधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाला, तेव्हा त्यातले काय गळाले आणि काय उरले, हे पाहण्याजोगे आहे.

कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले विनोबा भावे २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी तेथे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय पुरा झाला. तुरुंगात दक्षिणा कोण देणार आणि मानाची जागा कोण मागणार? सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते. पण ऐकायला वर्ग लागत नाही. स्त्री-कैद्यांनाही प्रवचनास येण्याची परवानगी मिळाली. उरले ते दोनच : बोलणारा आणि ऐकणारे.

त्या ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ही प्रवचने टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक एका कैद्याने बोललेले आणि दुसऱ्याने लिहिलेले आहे. श्रोता येथे निमूट बसून राहिला नाही. तो विधीचा भागीदार झाला.

मावळच्या माणसाला याचे नवल वाटू नये. तुकोबांचा भंडारा डोंगर याच तालुक्यात आहे आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. तेथेही ऐकणाऱ्यानेच लेखणी धरली होती.

२०२२ साली महाराष्ट्रातील तुरुंगांत कैद्यांच्या भजनांची स्पर्धा झाली, तीही तुकोबांच्याच नावाने. मात्र धुळ्याचे श्रोते राजबंदी होते. सुटल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडले. चोरी-मारामारीत शिक्षा भोगलेल्याचे काय? जुना समाज वाळीत टाकलेल्यालाही प्रायश्चित्तानंतर पंगतीत परत घेई. आज तुरुंगातून सुटून गावी आलेल्याला परत घेण्याचा असा एकही विधी आपल्यापाशी नाही. भिंतीआड टाळ वाजवणाऱ्याला आपण दाद देतो. तोच उद्या वेशीवर आला, तर त्याच्यासाठी पान मांडणार आहोत काय?