रक्त थांबतं कशानं? फायब्रिनोजेन बदललेल्या उंदरांनी दिलेलं उत्तर

फायब्रिनोजेन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. निरोगी माणसाच्या एक डेसिलिटर रक्तद्रवात ते साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम असतं. त्याची कामं दोन. थ्रॉम्बिननं त्याची टोकं कापली की त्याचे धागे होतात आणि जखमेवर जाळी विणली जाते. ही जाळी म्हणजे फायब्रिन. आणि न कापलेलं फायब्रिनोजेन एक प्लेटलेट दुसरीला बांधतं. यातलं कुठलं काम किती महत्त्वाचं, हे माणसात वेगळं काढून बघता येत नाही. म्हणून उंदरांचे जनुक बदलले गेले.

1995 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथं जे डेगन यांच्या गटानं फायब्रिनोजेन अजिबात नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्माला आली, दिसायलाही धडधाकट. सुमारे 30 टक्के पिल्लांच्या पोटात जन्मानंतर लगेच रक्तस्राव झाला, पण त्यातलीही बरीच तगली. खरी आफत माद्यांवर आली. गर्भ राहिला की दहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून रक्त जाऊन त्या दगावत.

पुढच्याच वर्षी याच गटानं जास्त बारीक बदल केला. प्रथिनाच्या गॅमा साखळीची फक्त शेवटची पाच अमिनो आम्लं काढली. प्लेटलेट पकडते ती हीच जागा. रक्तातलं फायब्रिनोजेन कमी झालं नाही, जाळीही बनत होती. तरी प्लेटलेट एकमेकींना चिकटेनात आणि शस्त्रक्रियेच्या जखमेतून रक्त वाहतच राहिलं. म्हणजे नुसती जाळी पुरत नाही.

2015 मध्ये उलट प्रयोग झाला. थ्रॉम्बिन कापतं ती जागाच बदलली. या उंदरांत प्लेटलेटचे पुंजके होतात, जाळी मात्र होत नाही. मानेच्या धमनीला इजा केल्यावर तिथं टिकाऊ गुठळी धरली नाही.

फायब्रिनोजेन नाही म्हणजे गुठळीची भीती नाही, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. 2000 सालच्या एका अभ्यासात अशा उंदरांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याच; पण त्या कच्च्या, सुटून वाहत जाऊन पुढं अडकणाऱ्या.

माणसातही हे दिसतं. जन्मतः फायब्रिनोजेन नसणं साधारण दहा लाखांत एकाला; नात्यातली लग्नं होतात तिथं जास्त. बाळाची नाळ पडताना रक्त न थांबणं ही बहुतेकदा पहिली खूण. अशा बाईला दिवस गेले तर गर्भ टिकावा म्हणून डॉक्टर बाहेरून फायब्रिनोजेन देत राहतात. यातल्या काही रुग्णांना गुठळ्याही होतात, त्यामुळे डोस जपूनच ठरवावा लागतो.